वर्गात नेलेली नऊवारी

आईला साडी नेसवताना मी डोळे मिटून घेत असे. तशी तिची अटच होती, आणि खरं सांगायचं तर त्यात माझीही सोय होती. पन्नाशी उलटलेल्या मुलाने आईच्या कमरेला गाठ मारायची, तिच्यासमोर बसून निऱ्या घालायच्या, हे डोळे उघडे ठेवून मला जमलं नसतं. सुरुवातीला तर डोळे मिटूनही कान गरम व्हायचे.

पक्षाघाताच्या झटक्यातून आई वाचली. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, उजवा हात मात्र परत आला नाही. आई जन्मभर नऊवारी नेसलेली. आमचं घराणं जुन्या दरबारी कारकुनांचं. उज्जैनमध्ये पिढ्या गेल्या, बोलण्यात हिंदी शिरली, ताटात दाल-बाफले आले, पण आईच्या साडीची लांबी कमी झाली नाही. नऊवारी एका हाताने नेसता येत नाही, हे आम्हाला झटक्यानंतर कळलं.

घरात दुसरं कोणी नेसवणारं नव्हतं. माझी बायको देवासला बँकेत आहे; सकाळी लवकर नानाखेड्याहून बस पकडते, आणि तिला स्वतःला लग्नाकार्यात पाचवारी नेसवायलासुद्धा पार्लरवाली लागते. आईसाठी जी बाई ठेवली तिने साडी उलगडून पाहिली आणि हात जोडले. "सर, ये लाँग वाली मेरे से नहीं होगी." मग आईला गाऊन घातला. गाऊनमध्ये आई दारापर्यंत येईना. दूधवाला आला की आतूनच म्हणायची, "रख दो भैया, ओटे पे." राम घाटावर सोमवारी जायची, ते बंद झालं. देवघरात बसायची तीही दार लोटून, जणू देवांनीही तिला असं पाहू नये.

मीच एकदा विषय काढला. म्हटलं, आई, मी शिकतो, मी नेसवतो. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "डोळे मिटून नेसवशील?" मी हो म्हटलं. "आणि हे घराच्या बाहेर जाता कामा नये. बिलकुल नाही." मी त्यालाही हो म्हटलं. त्या वेळी मला पहिली अट अवघड वाटली होती, दुसरी सोपी.

मी एका खासगी कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवतो. माझ्यासारख्या माणसाची खोड अशी की कुठलीही गोष्ट आधी फळ्यावर मांडल्याशिवाय ती हाताला येत नाही. खोलीला आतून कडी लावून मी आईची जुनी सुती साडी पँटवरूनच स्वतःला नेसून पाहिली. बायकोने दार वाजवलं तेव्हा "इस्त्री करतोय" म्हणून सांगितलं. आरशात एक टक्कल पडलेला, मिशीवाला गृहस्थ कमरेला कापडाचं बोचकं बांधून उभा होता. पहिल्यांदा निऱ्या सुटल्या. मग काष्टा सुटला. मग सगळंच सुटलं आणि मी पायात पाय अडकून पलंगावर पडलो.

आणि तिथे पडल्या पडल्या मला जे सुचलं त्याचा मला फार अभिमान वाटला. आता त्या अभिमानाचीच जास्त लाज वाटते. मला वाटलं, हे तर प्रथिन आहे. दरवर्षी मुलांना प्रथिनांच्या रचनेच्या चार पातळ्या शिकवताना माझी दमछाक होते. अमिनो आम्लांची एक लांब सरळ साखळी, ती कोणत्या क्रमाने जोडली आहे ही पहिली पातळी. त्या साखळीला जागोजागी पडणारी वळणं आणि घड्या, ही दुसरी. सगळी साखळी स्वतःभोवती गुंडाळून तिचा जो एक घट्ट आकार होतो, ती तिसरी. आणि अशा एकाहून जास्त साखळ्या एकत्र येऊन काम करू लागल्या की चौथी. मुलं हे पाठ करतात, पेपरात लिहितात, पण कोणाच्याही डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. माझ्यापुढे मात्र त्या दिवशी उभं राहिलं. नऊ वार सरळ कापड. त्याच्या निऱ्या. मग कासोटा मागे खोचला की अचानक त्या कापडाला आकार येतो. ते चालू शकतं, बसू शकतं, अंगण झाडू शकतं. कापड तेच, क्रम तोच, पण आकार आला की काम येतं.

चौथी पातळी मला आईने शिकवली, म्हणजे तिला न कळत. नेसवताना सगळ्यात अवघड जागा काष्ट्याची. निऱ्यांचा खालचा काठ पायांमधून मागे घ्यावा लागतो. तिथे माझा हात जाणं आम्हा दोघांनाही शक्य नव्हतं. मग आईने तोड काढली. पुढून ती डाव्या हाताने काठ मागे सरकवायची आणि मी मागे गुडघ्यांवर बसून, डोळे मिटून, तो चाचपत पकडायचो आणि वर खोचायचो. "मिळाला?" ती विचारायची. "मिळाला." एवढंच बोलणं. एकट्याने ते होणारच नव्हतं.

नेमक्या त्याच वेळेला ग्वाल्हेरहून मावशीचा फोन यायचा. मावशी आईहून धाकटी, पण लहानपणापासून दोघींची चढाओढ. पोळी कोणाची मऊ, रांगोळी कोणाची सुबक. आईचा फोन पलंगावर असायचा, मी स्पीकर लावून द्यायचो. मावशी विचारायची, "झाली का तयार?" आणि आई ठणठणीत आवाजात सांगायची, "आत्ताच नेसले. आता पूजेला बसते." हाताचं मावशीला माहीतच नव्हतं. हलका झटका आला होता, आता सगळं ठीक आहे, एवढंच आईने सगळ्यांना सांगितलं होतं. चारचौघांत बसली की ती पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायची आणि उजवा हात त्याखाली ठेवायची. "आत्ताच नेसले," असं ती म्हणायची तेव्हा मी मागे काष्टा धरून श्वास रोखून बसलेला असायचो. मला त्या खोटं बोलण्याची गंमत वाटायची. ते तिच्यासाठी काय होतं, हे मला कळायला हवं होतं.

मग वर्गात प्रथिनांचा धडा आला आणि मी आईची ती जुनी जांभळी, हिरव्या काठाची साडी पिशवीत घालून कॉलेजात नेली. आईला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणूनच विचारलं नाही.

वर्गात मी साडी टेबलावर सरळ पसरली. म्हटलं, ये प्रायमरी. मग शर्ट-पँटवरून कमरेला गाठ मारली, निऱ्या घातल्या. ये सेकंडरी. मुलं हसू लागली. मागच्या बाकावरून शिट्टी आली. मी रेटून पुढे गेलो. मी त्यांना सांगत होतो की अमिनो आम्लांपैकी काहींचं पाण्याशी जमत नाही. प्रथिन गुंडाळलं जातं तेव्हा ती आत जाऊन बसतात. हे मी नेहमी असं सांगतो, "जिसको पानी से शर्म आती है, वो अंदर छुप जाता है." हे वाक्य मुलांना आवडतं. मग मी काष्टा मागे खोचला आणि वर्ग हसून हसून लोळायला लागला. मी फळ्यापुढे नऊवारी नेसून उभा होतो आणि माझ्या हातून वर्ग सुटत चालला होता.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हसू दाबत विचारलं, "सर, आपको ये पहनना आता कैसे है?"

इथे मी काहीही सांगू शकलो असतो. नाटकात काम केलं होतं म्हणालो असतो तर खपून गेलं असतं. पण मला ते हसू सहन होत नव्हतं. मी ओशाळलो होतो आणि मला माझी इभ्रत परत हवी होती, ताबडतोब. मी आवाज जरा खाली आणून म्हटलं, "मेरी माँ का दायाँ हाथ लकवे के बाद काम नहीं करता. वो खुद नहीं पहन सकतीं. रोज सुबह मैं ही पहनाता हूँ."

हसणं थांबलं. मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनी. एक-दोघींनी डोळे पुसले. मला बरं वाटलं. बरं कसलं, अंगावर मूठभर मांस चढलं. कासोट्यासकट मी टेबलाला टेकून उभा राहिलो आणि टाळ्या संपेपर्यंत थांबलो.

मोबाइल कोणी धरला होता, हे मी पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट घातली आणि म्हणाला, "सर, वीडियो देखा. बेटा हो तो ऐसा." कॉलेजच्या गेटवर चौकीदाराने पाया पडायचा प्रयत्न केला. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तो व्हिडिओ कोणीतरी टाकला, त्याखाली जोडलेले हात, उंचावलेले अंगठे आणि फुलं. मी नेसलेल्या निऱ्यांवरून कोणी हसलंही नाही, सगळे भारावले होते. मी तो व्हिडिओ एकदाच पाहिला. त्यात मी ते वाक्य बोलण्याआधी क्षणभर थांबतो, वर्गाकडे पाहतो, आणि मग बोलतो. ते थांबणं मला ओळखू आलं. परिणाम साधायचा असला की मी असाच थांबतो.

आईपर्यंत ते मावशीकडूनच पोचलं. मी साडी नेसवून नुकताच चहा घेऊन बसलो होतो. फोन उशिरा आला. आईने सवयीने सांगितलं, "आत्ताच नेसले." पलीकडून मावशी म्हणाली, "ताई, मला का गं सांगितलं नाहीस? रोज त्याच्याकडून नेसून घेतेस आणि मला म्हणतेस मीच नेसले. मी काय परकी आहे?" आणि ती रडायला लागली. मावशीचं रडणं खरं होतं, त्यात उट्टं काढण्याचा भाग नव्हता. आईला ते जास्त लागलं असणार. चढाओढ असती तर तिने झेलली असती, पण ही दया होती.

आईने फोन डाव्या हाताने पालथा घातला. माझ्याकडे पाहिलंही नाही. बाईला हाक मारली आणि म्हणाली, "गाऊन दो मेरा."

मी चहाचा कप हातात धरून तसाच बसलो. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. दुपारी धीर करून तिच्या खोलीत गेलो. म्हटलं, आई, चुकलं माझं. ती म्हणाली, "चुकलं कसं? तू शिकवत होतास ना? टाळ्या पण पडल्या." मी म्हटलं, मुलं हसत होती, मला काही सुचलं नाही. "तुला हसत होती," ती म्हणाली, "म्हणून तू माझा हात दाखवलास." इतकं अचूक मी स्वतःशीही बोललो नव्हतो.

कॉलेजात धडा पुढे सरकत होता. आकार मोडणं हा पुढचा भाग. वर्गात मुलं माझ्या पिशवीकडे पाहत होती. आज सर काय नेसणार म्हणून. मी अंड्याचा पांढरा बलक नेला होता. तो गरम करून दाखवला. सांगितलं की उष्णतेने साखळी तुटत नाही, क्रम तसाच राहतो, पण गुंडाळी सुटते. आत जे लपलं होतं ते बाहेर येतं. मग ते उघडे पडलेले भाग एकमेकांना चिकटतात आणि गोळा होतो. त्या दिवशी शर्म हा शब्द मी वापरला नाही. एका मुलाने विचारलं, "सर, फिर वापस वैसा नहीं बनता?" मी म्हटलं, कुछ बनते हैं. ठंडा करो, छोड़ दो, तो अपने आप. पर सब नहीं. "और ये वाला?" त्याने बलकाकडे बोट दाखवलं. ते तर त्यालाही दिसत होतं.

याच सुमाराला आईचं सहस्रचंद्रदर्शन आलं. ऐंशी पार केलेल्या माणसाने हजार पौर्णिमांचे चंद्र पाहिलेले असतात, म्हणून त्याला ओवाळायचं, त्याचा सत्कार करायचा, असा आमच्यात रिवाज. माधव नगरमधला छोटा हॉल आधीच ठरला होता, नातेवाईक येणार होते, मावशी ग्वाल्हेरहून निघणार होती. आणि आई गाऊनमध्ये, खोलीचं दार लोटून. मी सुचवलं की कार्यक्रम रद्द करू. बायको माझ्यावर उखडली. "तुम्ही गावभर दाखवून आलात, आता त्यांना घरात कोंडून ठेवा." ती इंदूरहून शिवलेली नऊवारी घेऊन आली, पायजम्यासारखी चढवायची, कमरेला हूक लावायचे. आईने ती डाव्या हाताने उचलून पाहिली आणि परत दिली. "ही तुझ्या नवऱ्याला दे. तो घालून वर्गात नाचतो." बायकोला हसू आलं, मलाही येऊ घातलं होतं. आई हसली नाही.

बायकोने मग मंडळातल्या एका म्हाताऱ्या बाईंना बोलवू का, असं विचारलं. आई नको म्हणाली. हे बघायला एक माणूस कमी होता म्हणून आता आणखी एक, असं काहीतरी पुटपुटली. मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो. ती गाऊनमध्येच हॉलवर येईल, नाहीतर येणारच नाही, असं मी धरून चाललो होतो. मावशीला, सगळ्या जमलेल्यांना काय सांगायचं याची जुळवाजुळवही मनात करून ठेवली होती, आणि तीही मला जमली असती, कारण गोष्टी सांगणं मला फार छान जमतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तिने बायकोला सांगितलं, "त्याला बोलव."

मी आत गेलो. पलंगावर तिची चंद्रकळा घडी मोडून ठेवलेली होती, काळी, लाल काठाची. ब्लाउज तिने बाईकडून घालून घेतला होता. मी खिशातला मोबाइल बाहेर टेबलावर ठेवून आलो होतो आणि ते तिला दिसावं म्हणून उगाच रिकामे खिसे चाचपले. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. ती पाठ ताठ करून उभी राहिली, डावा हात पलंगाच्या दांडीवर. मी साडीचं टोक घेतलं, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो, आणि सवयीने डोळे मिटले.

"उघड डोळे," ती म्हणाली. "आता कशाला ते."

मी डोळे उघडले. रागावलेली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज एखाद्या दुकानात उभं राहून मापं देत असल्यासारखा होता. मी गाठ मारली, निऱ्या घालायला लागलो. सुरकुतलेलं पोट, लोंबता हात, त्याची आत वळलेली बोटं, सगळं माझ्यापुढे होतं. तिने ते लपवायचा प्रयत्न केला नाही. मीच पाहायचं टाळत होतो.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मावशीचा. गाडी उज्जैनच्या जवळ आली असणार. निऱ्या एका हातात धरून मी दुसऱ्या हाताने स्पीकर लावला.

"ताई, झाली का तयार?"

आईने माझ्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे पाहिलं. आतापर्यंत प्रत्येक वेळी या प्रश्नाला तिचं उत्तर ठरलेलं होतं, आणि मी मनातल्या मनात तेच म्हणत होतो. तिने ते म्हणावं, इतकी इच्छा मी कधी कशाची केली नसेल.

"नाही अजून," आई म्हणाली. "नेसवतोय तो मला."

"गुणी आहे गं पोरगा," मावशी म्हणाली.

"हो," आई म्हणाली.

माझ्या हातातल्या निऱ्या सुटल्या. मला त्या पुन्हा पहिल्यापासून घालाव्या लागल्या.